आतड्याच्या दाहावरील औषधे आणि यकृत : रिपोर्टातील आकडा तारखेसह कसा वाचावा

एसजीपीटी 96. यकृताच्या पेशींना इजा झाली की वाढणारा हा आकडा प्रयोगशाळेने ठळक अक्षरांत छापलेला असतो, पुढे वर जाणारा बाण असतो, आणि तो कागद हातात धरून रुग्ण औषधांच्या दुकानात येऊन विचारतो, "यातली कोणती गोळी बंद करू?" नागपूरच्या धंतोलीत फार्मसिस्ट म्हणून काम करताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्यावर विचारायचा प्रतिप्रश्न आता ठरून गेला आहे : कोणती गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली, आणि याआधीचा रिपोर्ट कोणत्या तारखेचा आहे? बहुतेकांना या दोनपैकी एकाचेही उत्तर देता येत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हा आतड्याचा दीर्घकालीन दाह असलेल्या रुग्णाच्या यकृताला औषधाने इजा झाली आहे की नाही, हे ठरवण्यासाठी आकड्याइतकीच तारीखही लागते. म्हणून पुढील सर्व पायऱ्या एका वहीभोवती रचल्या आहेत. कोणते औषध थांबवायचे याचा निर्णय अर्थातच पोटविकारतज्ज्ञ घेतील, पण तो निर्णय चांगला होण्यासाठी लागणारी माहिती रुग्णाच्याच घरी असते.

पहिली पायरी : औषध सुरू होण्यापूर्वीची नोंद

ज्या दिवशी नवीन औषध लिहून दिले जाते, त्या दिवसाच्या आधीचा यकृताचा रिपोर्ट नसेल, तर नंतर वाढलेला आकडा नवा की जुना हे कोणीही सांगू शकत नाही. मधुमेह किंवा वाढलेले वजन असलेल्या अनेकांच्या यकृतात आधीच चरबी साठलेली असते आणि त्यांचे एसजीपीटी मुळातच 50 ते 60 असते. अशा रुग्णात तीन महिन्यांनी 65 आले, तर गोळीला दोष देण्यात अर्थ नसतो. म्हणून पहिल्या पानावर संपूर्ण एलएफटी (यकृताच्या कार्याची रक्ततपासणी), रक्तपेशींची गणना, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा) आणि पोटाची सोनोग्राफी यांचे निकाल तारखेसह उतरवावेत.

त्याच पानावर हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्याही असाव्यात. हिपॅटायटिस बीसाठी केवळ एचबीएसएजी ही सध्याचा संसर्ग दाखवणारी तपासणी पुरेशी नाही, अँटी-एचबीसी टोटल ही दुसरी तपासणीही करावी, कारण पूर्वी होऊन गेलेला आणि शरीरात दबून राहिलेला संसर्ग तिच्यातूनच कळतो. स्टेरॉइडचा मोठा डोस किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू झाले की दबलेला हा विषाणू पुन्हा डोके वर काढू शकतो, आणि त्यातून होणारी कावीळ जिवावर बेतू शकते. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असल्यास एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर ही संरक्षक गोळी आधी सुरू केली जाते. दोन्ही तपासण्या निगेटिव्ह असल्यास लसीकरणाविषयी डॉक्टरांना विचारावे.

आता विदर्भातील वाचकांसाठी एक स्वतंत्र मुद्दा मांडतो, जो परदेशी मार्गदर्शक पुस्तिकांत सहसा सापडणार नाही. नागपूर, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलच्या आजारात लाल पेशी सतत फुटतात, त्यामुळे यकृत निरोगी असले तरी बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे रंगद्रव्य) वाढते, डोळे पिवळसर दिसतात आणि एसजीपीटीसोबत मोजले जाणारे एसजीओटीही वाढते, कारण हे विकर (एन्झाइम) लाल पेशींमध्येही असते. असा रुग्ण अ‍ॅझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीवर असेल आणि त्याची सिकलसेल तपासणी कधी झालीच नसेल, तर गोळीवर नाहक आळ येतो आणि उपयोगी पडणारे औषध हातचे जाते. वाहक असलेल्यांमध्ये, म्हणजे जनुकाची एकच प्रत बाधित असलेल्यांमध्ये, पेशी अशा सहसा फुटत नाहीत. त्यामुळे 'सिकल आहे' एवढेच माहीत असणे पुरेसे नाही, एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीचा निकाल वहीत हवा. सल्फासॅलाझिन हे आतड्याच्या दाहावरचे औषध द्यायचे असेल तर जी6पीडी या विकराची कमतरता आहे का, हेही पाहून घेणे शहाणपणाचे ठरते, कारण तिच्यामुळेसुद्धा पेशी फुटून कावीळ दिसू शकते.

दुसरी पायरी : आपले औषध कोणत्या काळात त्रास देते ते जाणून घ्यावे

प्रत्येक औषधाची यकृताला इजा करण्याची आपापली वेळ असते. ती माहीत असली की वहीतील तारखांना अर्थ येतो.

सर्वाधिक काळजीने पाहावे असे औषध अ‍ॅझाथायोप्रिन आहे, आणि ते स्वस्त व परिणामकारक असल्यामुळे आपल्याकडे पुष्कळ वापरलेही जाते. आइसलंडमध्ये 2010 आणि 2011 या दोन वर्षांत संपूर्ण देशाची पाहणी झाली होती, तिच्यात अ‍ॅझाथायोप्रिन घेणाऱ्या 133 जणांमागे एकाला आणि इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या 148 जणांमागे एकाला औषधजन्य यकृतइजा आढळली. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट या सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकासाठी तेच प्रमाण 2350 जणांमागे एक असे होते. याचा दुसरा अर्थ असा की 133 पैकी 132 जणांना अशी इजा झाली नाही. औषध हातात देताना हे दुसरे वाक्यही मी आवर्जून सांगतो, कारण अर्धे ऐकून गोळी सोडणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

अ‍ॅझाथायोप्रिनची इजा तीन वेगवेगळ्या रूपांत येते. पहिले रूप म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत, विशेषतः डोस वाढवल्यानंतर, लक्षणांशिवाय वाढलेले एसजीपीटी. डोस कमी केल्यावर ते बहुधा खाली येते. दुसरे रूप पहिल्या वर्षात, साधारण दोन ते बारा महिन्यांच्या दरम्यान दिसते. त्यात पित्ताचा प्रवाह अडतो, खाज सुटते, लघवी गडद होते आणि कावीळ दिसते. तिसरे रूप फसवे आहे. अनेक वर्षांनी यकृतातील बारीक रक्तवाहिन्यांना इजा होऊन यकृतात गाठीगाठींची वाढ होते, पण एलएफटी जवळजवळ सामान्य राहू शकते. त्याचा सुगावा लागतो तो प्लेटलेट हळूहळू कमी होण्यातून आणि प्लीहा मोठी होण्यातून. दीड लाखाच्या वर असलेले प्लेटलेट दोन-तीन वर्षांत एक लाखाकडे सरकत असतील, तर सुटा रिपोर्ट पाहणाऱ्याला ते कळत नाही. वहीत एकाखाली एक लिहिलेले आकडे मात्र ते लगेच दाखवतात.

हेच औषध देताना केल्या जाणाऱ्या टीपीएमटी आणि एनयूडीटी15 या चाचण्यांविषयी बराच गैरसमज आहे. एनयूडीटी15 जनुकातील बदल आशियाई लोकांत अधिक आढळतात आणि ते पांढऱ्या पेशी अचानक घसरण्याचा व केस गळण्याचा धोका दर्शवतात. टीपीएमटीची क्रियाशीलता कमी असल्यासही धोका अस्थिमज्जेलाच असतो. यकृताला त्रास होण्याचा संबंध उलट टीपीएमटी जोमाने काम करणाऱ्या रुग्णांशी आहे, कारण त्यांच्या शरीरात 6-एमएमपी हा चयापचयज पदार्थ जास्त तयार होतो. त्यामुळे 'जनुक चाचणी नॉर्मल आली, आता एलएफटी कशाला' हा हिशेब चुकीचा आहे. 6-एमएमपी थेट मोजता येते. त्याचे प्रमाण ठरावीक एककात 5700 च्या वर गेले की यकृताचा धोका वाढतो असे मानले जाते. रक्त चढवलेल्या रुग्णाने एक गोष्ट लक्षात ठेवावी : टीपीएमटीची विकर-चाचणी लाल पेशींवर होते, त्यामुळे पुढचे सुमारे तीन महिने ती दात्याचे रक्त मोजत असते. अशा वेळी जनुकीय चाचणीच करावी. सिकलसेलच्या रुग्णांना वरचेवर रक्त लागते, म्हणून हे येथे सांगितले.

मेथोट्रेक्सेटची गोष्ट वेगळी आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि या औषधाने झालेले मोठे अनर्थ हे बहुधा ते चुकून रोज घेतल्यामुळे झालेले असतात. गोळ्यांची पट्टी पाहून वार कळत नाही. म्हणून मी पट्टीवर मार्करने वार लिहून देतो आणि घरातील आणखी एका व्यक्तीला तो मोठ्याने म्हणायला लावतो. काहींना ते हास्यास्पद वाटते, वाटू द्यावे. फॉलिक अ‍ॅसिड सोबत दिलेले असतेच, मात्र ते कोणत्या दिवशी घ्यायचे हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. मेथोट्रेक्सेट वर्षानुवर्षे घेतल्याने यकृतात तंतूंची वाढ होऊ शकते, आणि मद्य, लठ्ठपणा व मधुमेह या तिन्हींनी तो धोका वाढतो. पूर्वी एकूण 1.5 ग्रॅम औषध पोटात गेले की यकृताचा तुकडा काढून तपासण्याची पद्धत होती. आता यकृताचा ताठरपणा मोजणारी फायब्रोस्कॅनसारखी तपासणी बरेच काम भागवते. मोहाची असो वा बाटलीतील, दारू किती व केव्हा घेतली जाते ते डॉक्टरांपासून लपवू नये. डॉक्टर उपदेश करतील या भीतीने सांगितलेला खोटा आकडा पुढच्या सगळ्या रिपोर्टांचा अर्थ बिघडवतो.

नागपूरचा मे महिनाही मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत विचारात घ्यावा लागतो. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. पारा 45 अंशांवर असताना जुलाब सुरू असतील आणि शरीरातील पाणी कमी झाले असेल, तर क्रिएटिनिन वाढते, औषध शरीरात साचते आणि यकृत, अस्थिमज्जा व तोंडातील आवरण या तिन्हींना त्रास होतो. उन्हाळ्यात जुलाब वाढलेल्या आठवड्यात पुढचा डोस घेण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करून विचारावे.

इन्फ्लिक्सिमॅब आणि अ‍ॅडालिमुमॅब या गटात इजा बहुधा पहिल्या काही डोसनंतर, म्हणजे दोन आठवडे ते सहा महिने या काळात दिसते. काही रुग्णांत ती स्वयंप्रतिकारजन्य हिपॅटायटिससारखी असते : एएनए ही स्वयंप्रतिकाराची रक्ततपासणी पॉझिटिव्ह येते, एसजीपीटी बरेच वाढते आणि कधीकधी स्टेरॉइड द्यावे लागते. व्हेडोलिझुमॅब आणि उस्टेकिनुमॅब यांच्याकडून यकृताला गंभीर इजा क्वचितच होते. टोफॅसिटिनिबमुळे होणारी वाढ बहुतेक वेळा सौम्य असते. मेसालामाइनने यकृत बिघडणे दुर्मीळ आहे, त्यावर असलेल्यांनी मूत्रपिंडाकडे अधिक लक्ष द्यावे. सल्फासॅलाझिनच्या पहिल्या दोन महिन्यांत मात्र ताप, अंगावर पुरळ, मानेत गाठी आणि वाढलेले एसजीपीटी असे एकत्र आले, तर ती तीव्र अ‍ॅलर्जी असू शकते. तेव्हा पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

क्षयरोगाची औषधे : आपल्याकडचा मोठा गोंधळ

आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स यांची दुर्बिणीतील चित्रे एकमेकांसारखी दिसतात. त्यामुळे भारतात क्रोन्सच्या अनेक रुग्णांना आधी काही महिने क्षयरोगाचे उपचार मिळालेले असतात. त्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला इजा करू शकतात, फक्त इथॅम्ब्युटॉल त्या बाबतीत जवळजवळ निरुपद्रवी आहे. शिवाय इन्फ्लिक्सिमॅबपूर्वी सुप्त क्षयरोग आढळला, तर प्रतिबंधक उपचार सुरू करून साधारण महिनाभराने इन्फ्लिक्सिमॅब दिले जाते. म्हणजे नेमक्या त्याच आठवड्यांत यकृताला त्रास देऊ शकणारी दोन औषधे एकत्र येतात, त्यांत अ‍ॅझाथायोप्रिन असेल तर तीन. वहीत प्रत्येकाची सुरुवातीची तारीख वेगळी नसेल, तर तिन्ही बंद करून एकेक पुन्हा सुरू करण्याचा लांबलचक मार्ग उरतो, आणि तेवढ्या काळात आतड्याचा आजार उसळतो.

क्षयरोगाच्या औषधांसाठी सर्वत्र पाळली जाणारी मर्यादा अशी आहे : लक्षणे असतील तर एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या तिप्पट झाल्यावर, आणि लक्षणे नसतील तर पाचपट झाल्यावर यकृताला घातक असलेली औषधे थांबवली जातात. हे सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या औषधांनाही लागू आहे. औषध केंद्रातून आले आहे म्हणून पोटविकारतज्ज्ञांना सांगायचे नाही, असे काही नसते. दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांची औषधे माहीत असली पाहिजेत.

तिसरी पायरी : तपासणीचे वेळापत्रक

अ‍ॅझाथायोप्रिन सुरू केल्यावर रक्तपेशींची गणना आणि एलएफटी साधारणपणे दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात, त्यानंतर दर तीन महिन्यांनी करावी. डोस वाढवला की पहिले महिने पुन्हा नव्याने मोजावेत. मेथोट्रेक्सेटसाठी पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे दोन ते तीन महिन्यांनी तपासणी करावी. इन्फ्लिक्सिमॅबचे डोस शून्य, दोन आणि सहा आठवड्यांनी व नंतर दर आठ आठवड्यांनी असतात, म्हणून प्रत्येक डोसच्या दोन-तीन दिवस आधीचा रिपोर्ट सोबत नेणे सर्वांत सोयीचे. आपल्या डॉक्टरांचे वेळापत्रक यापेक्षा कडक असेल तर तेच पाळावे.

छिंदवाडा, बालाघाट किंवा गडचिरोलीहून मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स या रुग्णालयांत येणाऱ्या रुग्णांना दर वेळी तपासणीसाठी नागपूरला येणे परवडत नाही. रक्त गावातच तपासावे, पण शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, आणि रिपोर्टावर छापलेली सामान्य मर्यादाही वहीत उतरवावी. एका ठिकाणी 40 आणि दुसऱ्या ठिकाणी 56 ही वरची मर्यादा असेल, तर 80 हा आकडा एकीकडे दुप्पट ठरतो आणि दुसरीकडे दीडपटीहून कमी. एकदा एका रुग्णाची दोन रिपोर्टांतील वाढ पाहून सगळे घाबरले होते, नंतर लक्षात आले की मधल्या काळात प्रयोगशाळा बदलली होती.

चौथी पायरी : रिपोर्ट वाचणे

एलएफटीतील आठ-दहा ओळींपैकी चार ओळी आधी पाहाव्यात : एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्ताची वाट अडली की वाढणारे विकर), एकूण बिलिरुबिन आणि प्रत्यक्ष (डायरेक्ट) बिलिरुबिन. इजा कोणत्या प्रकारची आहे हे एका साध्या भागाकाराने समजते. एसजीपीटी त्याच्या वरच्या मर्यादेच्या किती पट आहे ते काढावे, अल्कलाइन फॉस्फेटेज त्याच्या मर्यादेच्या किती पट आहे ते काढावे, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागावे. उत्तर 5 किंवा अधिक आले तर इजा यकृताच्या पेशींची, 2 किंवा कमी आले तर पित्तप्रवाहाची, आणि दोन्हींच्या मध्ये आले तर मिश्र.

समजा, एसजीपीटी 320 आहे आणि मर्यादा 40 आहे, म्हणजे आठपट. अल्कलाइन फॉस्फेटेज 180 आहे आणि मर्यादा 120 आहे, म्हणजे दीडपट. आठला दीडने भागले की सुमारे 5.3 येतात, म्हणजे पेशींची इजा. आता दुसरा रुग्ण घेऊ : एसजीपीटी 120 आणि अल्कलाइन फॉस्फेटेज 480, मर्यादा त्याच. तीनला चाराने भागले की 0.75 येते, म्हणजे अडथळा पित्ताच्या वाटेत आहे. या दुसऱ्या रुग्णाला औषध कारणीभूत असेलच असे नाही. प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस नावाचा पित्तनलिकांचा आजार अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या सोबतीने येतो. पाश्चात्त्य देशांत कोलायटिसच्या सुमारे 5 टक्के रुग्णांत तो आढळतो, भारतात त्याहून कमी. त्यासाठी एमआरसीपी ही पित्तनलिकांची एमआरआय तपासणी करावी लागते. क्रोन्सने लहान आतड्याचा शेवटचा भाग बाधित असेल किंवा कापून काढला असेल तर पित्ताशयात खडेही होऊ शकतात, आणि ते सोनोग्राफीत दिसतात.

बिलिरुबिन वाढलेले आहे पण प्रत्यक्ष बिलिरुबिन सामान्य आहे आणि एसजीपीटीही सामान्य आहे, असा रिपोर्ट आल्यास यकृताची इजा जवळजवळ नसतेच. तेथे लाल पेशी फुटणे किंवा गिल्बर्ट हा निरुपद्रवी जन्मजात गुणधर्म शोधावा. उपवासाच्या दिवसांत गिल्बर्टच्या माणसाचे बिलिरुबिन आपोआप चढते, हे नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. एकटे एसजीओटी वाढले असेल तर व्यायामशाळेतील नवा उत्साहही कारण असू शकतो, कारण ते विकर स्नायूंतही असते.

पाचवी पायरी : गोळीवर आरोप करण्यापूर्वी

आकडा खरोखर वाढला असेल, तर मागील तीन महिन्यांचे पान उघडावे आणि रोजच्या औषधांव्यतिरिक्त पोटात काय गेले ते प्रामाणिकपणे लिहावे.

पहिली चौकशी ऋतूची करावी. तान्हा पोळा उलटला की नागपुरात तापाचे रुग्ण वाढतात. डेंग्यूत एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा अधिक वाढते आणि प्लेटलेटही घसरतात, त्यामुळे चित्र थेट अ‍ॅझाथायोप्रिनच्या इजेसारखे दिसू शकते. 2018 मध्ये नागपूर परिसरात स्क्रब टायफसची साथ आली होती, त्यातही यकृताचे आकडे बिघडतात. पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे तर नेहमीचेच. ताप असेल तर या तपासण्या झाल्याशिवाय औषधाला दोषी ठरवू नये. मात्र प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या तापात तात्पुरत्या थांबवायच्या का, हे त्याच दिवशी विचारून घ्यावे.

दुसरी चौकशी मधल्या काळातील छोट्या उपचारांची. दाढ काढताना घेतलेल्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटची कावीळ कोर्स संपून काही आठवडे झाल्यावरसुद्धा दिसू शकते, आणि तोवर रुग्ण ती गोळी विसरलेला असतो. अंगदुखीसाठी मागून घेतलेले निमेसुलाइड यकृताला धोकादायक ठरू शकते. ते 12 वर्षांखालील मुलांसाठी भारतात 2011 मध्येच बंद झाले. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत सुरक्षित असते, पण वेदनाशामकांच्या अनेक मिश्र गोळ्यांत ते दडलेले असते आणि तापाच्या गोळीसोबत त्याची बेरीज होते. संधिवातासाठीची वेदनाशामके कोलायटिसही भडकावू शकतात, हा वेगळा तोटा.

तिसरी चौकशी सर्वांत अवघड असते, कारण तिथे श्रद्धा आड येते. काढे, चूर्णे आणि 'लिव्हर टॉनिक' हे औषध नव्हेच, अशी समजूत असल्यामुळे रुग्ण ते सांगतच नाहीत. गुळवेलीमुळे स्वयंप्रतिकारजन्य हिपॅटायटिससारखी इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली होती. अश्वगंधा आणि हळदीच्या संहत गोळ्या यांच्याबद्दलही अशा नोंदी आहेत. भाजीतील हळदीविषयी हे म्हणणे नाही. कावीळ 'उतरवून' घेण्याने विषाणूजन्य कावीळ बरी झाल्यासारखी वाटते, कारण ती बहुधा आपोआपच ओसरते. औषधजन्य काविळीत मात्र त्या काळात गोळी सुरूच राहिली, तर इजा वाढत जाते.

सहावी पायरी : किती वाढल्यावर काय करावे

एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या तिपटीपेक्षा कमी असेल आणि रुग्णाला काही त्रास नसेल, तर सहसा औषध सुरूच ठेवून एक ते दोन आठवड्यांनी तपासणी पुन्हा केली जाते. तीन ते पाचपट या टप्प्यात डॉक्टर डोस कमी करतात किंवा काही दिवस औषध थांबवतात. त्यासाठी पुढच्या भेटीची वाट न पाहता रिपोर्ट त्याच आठवड्यात पाठवावा. पाचपटीच्या वर गेल्यास संशयित औषध थांबवण्याकडे कल असतो. आकडा कितीही असो, डोळे पिवळे होणे, लघवी चहासारखी गडद होणे, मळ फिका होणे, सर्वांगाला खाज, सतत मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी फोन करावा.

एक जोडी मात्र सर्वांत गंभीर आहे : एसजीपीटी तिपटीहून अधिक, बिलिरुबिन दुपटीहून अधिक, आणि अल्कलाइन फॉस्फेटेज फारसे वाढलेले नाही. अमेरिकन यकृततज्ज्ञ हायमन झिमरमन यांच्या नावावरून याला 'हाय्ज लॉ' म्हणतात. औषधामुळे असे चित्र तयार झाले, तर सुमारे दहापैकी एका रुग्णाचा मृत्यू होतो किंवा त्याला यकृत प्रत्यारोपण लागते. त्यासोबत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) 1.5 च्या वर असेल, झोप दिवसा येऊ लागली असेल किंवा बोलण्यात असंबद्धता जाणवत असेल, तर रुग्णाला यकृततज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात रात्रीच हलवावे. सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नये.

घाबरून सगळ्याच गोळ्या एकदम सोडणे ही याच टप्प्यावरची दुसरी चूक आहे. काही आठवड्यांहून अधिक काळ प्रेडनिसोलोन घेत असलेल्या रुग्णाने ते अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळू शकतो, कारण शरीराने स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी केलेले असते. हिपॅटायटिस बीची संरक्षक गोळीही कधीच आपल्या मनाने सोडू नये. अशा दोन औषधांची नावे वहीच्या मुखपृष्ठावर लाल शाईने लिहून ठेवावीत.

सातवी पायरी : औषध थांबवल्यानंतर

संशयित औषध थांबल्यावर पहिल्या आठवड्यात दोनदा, आणि आकडे उतरू लागल्यावर आठवड्यातून एकदा एलएफटी केली जाते. पेशींच्या इजेत एसजीपीटी काही आठवड्यांत निम्म्यावर येणे अपेक्षित असते, पित्तप्रवाहाच्या इजेला मात्र काही महिने लागू शकतात. खाज लांबली म्हणून निराश होऊ नये. औषध थांबूनही आकडे चढतच राहिले, तर निदान चुकले असण्याची शक्यता धरून पुन्हा सुरुवातीपासून पाहावे लागते. कधीकधी यकृताची बायॉप्सी याच टप्प्यावर सुचवली जाते.

अ‍ॅझाथायोप्रिनने यकृताला त्रास झाला, म्हणजे तो मार्ग कायमचा बंद झाला असे नाही. वाढ सौम्य असेल आणि 6-एमएमपी जास्त असेल, तर काही तज्ज्ञ नेहमीच्या डोसच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश एवढेच अ‍ॅझाथायोप्रिन अ‍ॅलोप्युरिनॉलसोबत देतात, ज्यामुळे चयापचयाची दिशा बदलते. हीच जोडी अजाणता झाली तर प्राणघातक ठरू शकते : युरिक अ‍ॅसिडसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी अ‍ॅलोप्युरिनॉल लिहिले आणि अ‍ॅझाथायोप्रिनचा डोस पूर्ण राहिला, तर पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. माझ्या काउंटरवर अशी दोन चिठ्ठ्यांवरची जोडी दिसली, तर मी आधी डॉक्टरांना फोन लावतो आणि मगच गोळ्या देतो. इन्फ्लिक्सिमॅबमुळे इजा झालेल्या अनेक रुग्णांना नंतर अ‍ॅडालिमुमॅब चालते. मात्र कावीळ किंवा पुरळासह आलेल्या तीव्र इजेनंतर तेच औषध पुन्हा घेऊन पाहू नये. अशा औषधाचे नाव, मात्रा, सुरू व बंद केल्याची तारीख आणि सर्वांत वाढलेला आकडा वहीच्या शेवटच्या पानावर कायमचा नोंदवावा, आणि दाताच्या डॉक्टरांपासून शल्यचिकित्सकांपर्यंत प्रत्येकाला तो दाखवावा.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद शासनाकडे करण्याची सोय आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. 2010 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय औषधसुरक्षा कार्यक्रमाची हेल्पलाइन 1800-180-3024 ही निःशुल्क आहे आणि रुग्ण स्वतःही तिच्यावर कळवू शकतो. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या औषधशास्त्र विभागांत नोंद करून घेणारी केंद्रे असतात. अर्जात औषधाचे नाव, सुरू केल्याची तारीख, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि सोबत घेतलेली इतर सर्व औषधे विचारतात. वही नीट ठेवली असेल, तर तो अर्ज पाच मिनिटांत भरून होतो.